हाडातली गाठ खरवडल्यावर उरलेली पोकळी कशाने भरावी? कृत्रिम बोन ग्राफ्टचा कुणाला अनुभव?

माहीमची_मावशी

नमस्कार मंडळी. बहिणीच्या मुलासाठी विचारते आहे. वय वर्षं १३. मैदानात लांबून बॉल फेकला आणि उजवा दंड खांद्याजवळ मोडला. एक्स-रे काढला तर हाड तिथे आतून आधीपासूनच पोखरलेलं. एमआरआय झाला, मग बायॉप्सी. निदान आलं ॲन्युरिझमल बोन सिस्ट. कॅन्सर नाही, हे डॉक्टरांनी बसायच्या आधीच सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभार किती मानावेत.

आता ऑपरेशन ठरतंय. गाठ खरवडून काढायची आणि राहिलेली पोकळी भरायची. भरायला (त्या भरणीला ते बोन ग्राफ्ट म्हणतात) तीन पर्याय सांगितलेत: मुलाच्याच कमरेचं हाड, टिश्यू बँकेतलं दान केलेलं हाड, किंवा कृत्रिम दाणे, ज्याला ते ‘बीटा टीसीपी’ म्हणत होते. भावोजींचा हट्ट आहे की स्वतःचं हाड ते स्वतःचं. बहिणीला पोराच्या कमरेवर दुसरी चीर नको आहे. मी बहिणीच्या बाजूने आहे, पण वाढत्या वयाच्या मुलाच्या हाडात बाहेरची वस्तू कायमची बसणार का, ही धास्ती मलाही आहे.

डॉक्टर चांगले आहेत, पण ओपीडीत मागे पन्नास माणसं उभी असतात. पुढच्या भेटीत नेमकं काय विचारायचं ते ठरवून जायचंय. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया लिहा.

बोरिवली_स्लो

मावशी, भाच्याला लवकर आराम पडो. अनुभव नाही, पण वाचतोय. हे दाणे म्हणजे नक्की कशाचे बनलेले असतात? धातू का?

चाफेकळी

मला आहे अनुभव, पण छोटा. उजव्या हाताच्या करंगळीत एन्कॉन्ड्रोमा होता. हातातल्या बारीक हाडांत ही गाठ बरीच आढळते, असं तेव्हा समजलं. भाजी चिरताना बोट टेबलावर आपटलं आणि मोडलं, तेव्हा पत्ता लागला. खरवडून कृत्रिम दाणे भरले. ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना म्हटलं, मला दाखवा तरी काय घालताय. त्यांनी छोटी बाटली दाखवली. पांढरेशुभ्र, खरखरीत, बारीक साबुदाण्याएवढे दाणे. शिंक आली तर उडतील असे हलके.

बोट आता छान चालतं, पेटी वाजवते. एकच सांगते: ऑपरेशननंतरच्या एक्स-रेत ती जागा आजूबाजूच्या हाडापेक्षा जास्त पांढरी दिसते. आईने तो एक्स-रे उजेडात धरला आणि घाबरून मामाला फोन केला. आधीच सांगून ठेवा घरच्यांना.

हाडांचा_डॉक्टर

मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, सरकारी रुग्णालयात काम करतो. मुलाचे एक्स-रे, एमआरआय पाहिलेले नाहीत, म्हणून जे सांगतो ते सर्वसाधारण समजा.

मावशी, तुमच्या घरात वाद ‘कशाने भरायचं’ यावर चालू आहे. या गाठीत त्याच्याही आधीचा प्रश्न ‘खरवडणार कसं’ हा आहे. ॲन्युरिझमल बोन सिस्ट ही रक्ताने भरलेल्या कप्प्यांची गाठ असते. त्या कप्प्यांचं अस्तर एखाद्या कोपऱ्यात राहिलं तर गाठ परत येते, मग तुम्ही वर सोनं भरा की माती. म्हणून हाडाला खिडकी पुरेशी मोठी पाडावी लागते, कोपरे डोळ्यांना दिसावे लागतात, आणि हाताने खरवडून झाल्यावर हाय-स्पीड बरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या बारीक कानशीसारख्या अवजाराने, भिंती घासाव्या लागतात. डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा.

दुसरा प्रश्न: गाठ ग्रोथ प्लेटपासून, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या ज्या थरातून हाडाची लांबी वाढते त्यापासून, किती लांब आहे? दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ खांद्याकडच्या ग्रोथ प्लेटमधून होते. १३ वर्षांच्या मुलात ती अजून उघडी असते. गाठ तिला चिकटून असेल तर सर्जनला तिथे हात आवरता घ्यावा लागतो, आणि गाठ परत येण्याचा धोका थोडा वाढतो. हा हिशेब तुमच्यासमोर मांडला गेला पाहिजे.

आता भरण्याचं. स्वतःच्या हाडात तीन गोष्टी असतात: जिवंत पेशी, नवीन हाड बनवायचा हुकूम देणारी प्रथिनं, आणि पेशींनी ज्यावर पसरायचं तो सांगाडा. दान केलेलं हाड किरणांनी निर्जंतुक केलेलं असतं, त्यात पेशी जिवंत नसतात आणि मुख्यतः सांगाडा उरतो. कृत्रिम दाण्यांत फक्त सांगाडा. पण चारी बाजूंनी जिवंत, रक्त खेळतं हाड असलेली पोकळी असेल, तर मुलांच्या शरीराला सांगाडा पुष्कळ होतो. पेशी आजूबाजूच्या हाडातून येतात.

बोरिवली, धातू नाही. कॅल्शियम फॉस्फेट. आपल्या हाडाचा खनिज भाग ज्या कुळातला, त्याच कुळातला पदार्थ.

लालबागकर

डॉक्टरसाहेब, तुमचा मान ठेवून सांगतो, स्वतःच्या हाडाला तोड नाही असंच मी ऐकलं होतं आणि तेच केलं. गुडघ्याच्या खाली नडगीत गाठ होती, कमरेचं हाड काढून भरलं. नडगी सुरेख भरली, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंबर! नडगीचं दुखणं संपलं तरी कमरेची ठणक उरली. लोकलच्या दाराच्या दांड्याला त्या बाजूने टेकता येत नव्हतं. मांडीची बाहेरची बाजू अजून बधिर आहे, तिथे चिमटा काढला तरी कळत नाही. यातलं काही होऊ शकतं हे मला कुणी आधी बोललं नव्हतं.

मावशी, १३ वर्षांच्या पोराच्या कमरेत मुळात हाड किती निघणार, हेही विचारा.

हाडांचा_डॉक्टर

@लालबागकर, तुमचा अनुभव अगदी नेहमीचा आहे. मांडीच्या बाहेरच्या कातडीला संवेदना देणारी नस कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून जाते, हाड काढताना ती ताणली किंवा कापली गेली की बधिरपणा येतो. हे आधी सांगायलाच हवं होतं. आणि तुमचा शेवटचा मुद्दा सोळा आणे खरा. पोकळी मोठी आणि मूल लहान असेल तर कमरेतून पुरेसं हाड मिळतच नाही. कृत्रिम पर्यायांची गरज मुलांमध्ये जास्त भासते ती यासाठीच.

मातीकाम

माझं शिक्षण सिरॅमिक्समधलं, त्यामुळे हा धागा सोडवत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

हाडातली पोकळी बाहेरच्या पदार्थाने भरायची कल्पना जुनी आहे. जर्मनीत ड्रीसमान यांनी १८९२ साली प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट वापरल्याची नोंद आहे. १९२० मध्ये अमेरिकेत ॲल्बी यांनी ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिलं. १९६९ मध्ये लॅरी हेंच यांनी हाडाशी थेट जोडली जाणारी काच बनवली, बायोॲक्टिव्ह ग्लास. म्हणजे मावशी, तुमच्या भाच्यावर कुणी नवीन प्रयोग करत नाहीये.

खरा फरक आहे तो कुठला पदार्थ किती दिवसांत विरघळतो याचा. कॅल्शियम सल्फेट साधारण ६ ते १२ आठवड्यांत विरघळतं. काही वेळा नवीन हाड यायच्या आधीच ते निघून जातं आणि पोकळी परत उघडी पडते. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे तुमचं बीटा टीसीपी, हळू जातं: काही महिन्यांपासून वर्ष-दोन वर्षांपर्यंत, आणि पेशी ते खात खात जागेवर हाड घालत जातात. हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे हाडातल्या खनिजासारखंच कॅल्शियम फॉस्फेट, मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं, हाड त्याच्याभोवती आणि छिद्रांतून वाढतं. म्हणून काही उत्पादनांत दोन्ही मिसळतात, ६० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ४० टक्के टीसीपी, किंवा वेगळ्या प्रमाणात.

‘बाहेरची वस्तू कायमची बसणार का’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. बीटा टीसीपी असेल तर बहुतांश जाईल. ॲपेटाइट असेल तर राहील, पण हाडाच्या पोटात, हाडासारखंच.

दुसरी महत्त्वाची गोष्ट छिद्रं. दाणा नुसता सच्छिद्र असून भागत नाही, छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. शंभर मायक्रॉनच्या वरची, जोडलेली छिद्रं असली की त्यातून रक्तवाहिन्या आत शिरतात. छिद्रं बंद असतील तर हाड दाण्याच्या बाहेरच थांबतं. भट्टीचं तापमान जास्त झालं की दाणा घट्ट होतो, ताकद वाढते पण छिद्रं मिटतात. ताकद आणि छिद्रं ही ओढाताण आमच्या धंद्यात कधीच संपत नाही.

बोरिवली_स्लो

मातीकाम, काय सुंदर लिहिलंत. आता एक बाळबोध प्रश्न. ताकदीचं म्हणालात. मग दाणे भरल्यावर हात लगेच मजबूत होतो का?

मातीकाम

नाही. हे पदार्थ दाब बऱ्यापैकी सोसतात, पण वाकणं आणि पिळणं अजिबात सोसत नाहीत, ठिसूळ असतात. सुट्या दाण्यांना तर एकसंध ताकद नसतेच. बाकीचं डॉक्टर सांगतील.

हाडांचा_डॉक्टर

बरोबर. दाणे भरले म्हणजे हाड दुरुस्त झालं असा समज घरी होऊ देऊ नका. भार हाडाच्या उरलेल्या भिंतींवर असतो. मांडीच्या हाडाची मान, गुडघ्याजवळचा भाग अशा ठिकाणी बऱ्याचदा प्लेट किंवा खिळा घालावा लागतो. दंडावर चालण्याचा भार नाही, त्यामुळे बऱ्याच मुलांना झोळी आणि काळजी पुरते. पण भिंत किती पातळ आहे यावर ते अवलंबून.

दिवा_पनवेल

माझं वेगळं मत मांडतो. मला गुडघ्याजवळ जायंट सेल ट्यूमर, म्हणजे हाडातलीच एक वेगळी गाठ, होता. खरवडून बोन सिमेंट भरलं, म्हणजे हाडात भरायचा, घट्ट होणारा प्लास्टिकसारखा लगदा. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं, लवकर पाय टेकवायला दिला, कमरेला चीर नाही. पुढे दर भेटीत एक्स-रे. सिमेंटच्या कडेला काळी रेघ रुंदावत गेली तर गाठ परत आली असं समजायचं, असं डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं होतं. ही सोय दाण्यांमध्ये नाही. मी तर म्हणेन सगळ्यांनी सिमेंटच भरावं.

हाडांचा_डॉक्टर

@दिवा_पनवेल, तुमच्या आजाराला ते योग्यच होतं. प्रौढ माणूस, गुडघ्याजवळची जागा, परत येण्याची खोड असलेली गाठ. लगेच मिळणारा आधार आणि गाठ परतली की लवकर दिसणं, हे सिमेंटचे दोन मोठे फायदे. पण ‘सगळ्यांनी’ याला माझा ठाम विरोध आहे. सिमेंट घट्ट होताना तापतं. उघड्या ग्रोथ प्लेटशेजारी ते घालायची माझी तयारी होणार नाही. शिवाय त्याचं हाड कधीच होत नाही. या मुलाला अजून साठ-सत्तर वर्षं तो दंड वापरायचा आहे.

दाण्यांतून परतलेली गाठ ओळखणं अवघड जातं, हा तुमचा मुद्दा मात्र मावशींनी लिहून घ्यावा. दाणे विरघळून तयार झालेली फिकट जागा आणि गाठीने खाल्लेली जागा सुरुवातीला सारखीच दिसू शकते. म्हणून प्रत्येक एक्स-रे जपून ठेवा, ओळीने लावून बघता आले पाहिजेत.

कागदपत्र

मी रुग्णालयांच्या बिलांचं काम करते. सल्ला वैद्यकीय नाही, पण उपयोगी पडेल.

कृत्रिम ग्राफ्ट सीसीवर विकला जातो. लहान बाटली, मोठी बाटली, दोन लागल्या की दोनचे पैसे. एका खासगी रुग्णालयात एका कुटुंबाला अंदाजपत्रकात एक बाटली सांगितली आणि बिलात तीन लागल्या. पोकळी उघडल्यावर मोठी निघाली, हे कारण खरंही असेल, पण घरच्यांना आधी सांगितलं असतं तर त्यांची तशी धावपळ झाली नसती. त्या बाईंनी मंगळसूत्र काउंटरवर काढून ठेवलं, ते मी विसरू शकत नाही.

तर विचारा: पोकळी अंदाजे किती सीसी? जास्तीत जास्त किती बाटल्या लागू शकतात? पदार्थाचं पूर्ण नाव काय? ऑपरेशननंतर प्रत्येक बाटलीवरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं आहे का ते बघा. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. महात्मा जोतिबा फुले योजनेत किंवा विम्यात बसवणार असाल तर ग्राफ्टचा खर्च पॅकेजमध्ये येतो का, हे दाखल व्हायच्या आधी विचारा. नंतर विचारून काही हाती लागत नाही.

माहीमची_मावशी

कागदपत्र, तुमचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला. हे आमच्या डोक्यातच नव्हतं. खूप आभार.

अजून एक. आमच्या शेजारच्या काकू जैन आहेत, त्या म्हणाल्या की असल्या दाण्यांत गाईचं हाड असतं, नीट चौकशी करा. हे खरं आहे का?

मातीकाम

अर्धं खरं. गाईच्या हाडापासून बनवलेलं हायड्रॉक्सीॲपेटाइट बाजारात आहे, दातांच्या कामात ते बरंच वापरतात. काही ग्राफ्टमध्ये प्राण्यांपासून मिळवलेलं कोलॅजन (हाडा-कातडीतलं एक प्रथिन) मिसळलेलं असतं. प्रवाळावर प्रक्रिया करून बनवलेलंही एक असतं. पण बीटा टीसीपी सहसा कारखान्यात रसायनांपासून बनतं. ज्यांना हे महत्त्वाचं वाटतं त्यांनी ‘पूर्ण सिंथेटिक आहे ना, कोलॅजन आहे का’ असं सरळ विचारावं. श्रद्धेचा प्रश्न आहे, विचारायला संकोच कशाला.

चाफेकळी

आणि दान केलेल्या हाडाबद्दल कुणीच बोललं नाही! परळला टाटा मेमोरियलमध्ये टिश्यू बँक आहे ना?

हाडांचा_डॉक्टर

आहे, १९८८ पासून. दात्यांकडून मिळालेलं हाड स्वच्छ करून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. पुष्कळांना माहीत नसतं की यातलं बरंचसं हाड जिवंत दात्यांचं असतं. खुबा बदलायच्या ऑपरेशनमध्ये काढलेला मांडीच्या हाडाचा गोळा, एरवी टाकूनच दिला असता तो, तपासण्या करून बँकेत जातो. घरात कुणाचा खुबा बदलायचा असेल तर दानाबद्दल जरूर विचारा.

ग्राफ्ट म्हणून तो चांगला पर्याय आहे. आजार पसरण्याचा धोका तपासण्या आणि किरणांमुळे फार कमी उरतो. किरणांनी हाडाची ताकद थोडी घटते, पण पोकळीत चुरा भरायचा असेल तर त्याने फारसं बिघडत नाही.

लालबागकर

टाटाला जाणार असाल तर परळ स्टेशनवरून चालत जा, सकाळी टॅक्सीपेक्षा लवकर पोचाल. एक्स-रे गुंडाळी करून नेऊ नका, सपाट न्या. पावसाळ्यात दोन प्लास्टिकच्या पिशव्या. भाच्याला परतताना आमच्या लालबागला आणा, वडापाव माझ्याकडून.

अनुस्वार

सगळे भरण्याबद्दल बोलत आहेत म्हणून विचारते. भरलंच नाही तर? माझ्या भावाची टाचेजवळची पोकळी नुसती खरवडून सोडली होती. हळूहळू आपोआप भरली. मला वाटतं बऱ्याच ठिकाणी हे दाणे गरज नसताना भरतात.

हाडांचा_डॉक्टर

अनुस्वार, मुद्दा रास्त आहे. नुसतं खरवडून सोडलेल्या पोकळ्याही बऱ्याच रुग्णांत हाडाने भरतात, यावर अभ्यास झालेले आहेत. लहान पोकळी, जाड भिंती, भार कमी, तर मीही काही वेळा काहीच भरत नाही. मात्र मोठी पोकळी रिकामी ठेवली तर मधल्या काळात हाड मोडायची भीती राहते, आणि हा मुलगा तर एकदा मोडून बसलेला आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. या गाठीत काही ठिकाणी ऑपरेशनऐवजी पॉलिडोकॅनॉल नावाच्या औषधाची इंजेक्शनं एक्स-रेखाली बघत गाठीत देतात, काही आठवड्यांच्या अंतराने. पोकळी भरायचा प्रश्नच येत नाही. प्रत्येकाला लागू पडत नाही, आणि डॉक्टरांना त्याची सवय हवी. पण विचारायच्या प्रश्नांत हा असू द्या.

बोरिवली_स्लो

आणि दाणे भरल्यावर एअरपोर्टला मशीन वाजतं का? (भाच्याच्या वतीने विचारतोय, तो हे विचारणारच.)

हाडांचा_डॉक्टर

दाण्यांनी नाही. प्लेट घातली तर वाजू शकतं.

माहीमची_मावशी

आज भेट झाली. तुमचे सगळे प्रश्न वहीत लिहून नेले होते. डॉक्टर वही बघून हसले, मग खुर्ची पुढे घेऊन एकेक उत्तर देत बसले. बाहेरची माणसं थांबली, त्यांची माफी.

गाठ ग्रोथ प्लेटपासून सुटी आहे, मध्ये चांगलं हाड आहे. म्हणून ते मोकळेपणाने खरवडू शकतील, आणि बर वापरणारच आहेत. इंजेक्शनबद्दलही विचारलं. पोकळी मोठी आहे आणि बाहेरची भिंत एका जागी कागदाएवढी उरली आहे, परत मोडू नये म्हणून त्यांना ऑपरेशन बरं वाटतं. भरणार बीटा टीसीपी, पूर्ण सिंथेटिक. त्यात कमरेच्या हाडातून जाड सुईने काढलेला अस्थिमज्जेचा रस मिसळणार. चीर नाही, फक्त सुई. भावोजी यावर राजी झाले, ‘स्वतःचं’ काहीतरी जातंय ना! बाटल्यांचा वरचा आकडाही लिहून दिला.

डॉक्टरसाहेब, मज्जा मिसळण्यात अर्थ आहे ना? आणि पोरगं रोज विचारतंय, बॉलिंग कधी?

हाडांचा_डॉक्टर

अर्थ आहे. नुसत्या सांगाड्याला त्यामुळे पेशी मिळतात, आणि कमरेचा त्रास फार कमी. किती फरक पडतो यावर मतं वेगवेगळी आहेत, पण तोटा नाही.

बॉलिंगचं कॅलेंडरवर ठरत नाही, एक्स-रेवर ठरतं. दाण्यांच्या कडा पुसट व्हायला लागल्या, पोकळीच्या भिंतीशी हाड जुळलं, बाहेरची भिंत जाड झाली, की परवानगी. तोवर खांदा आखडू नये म्हणून व्यायाम, तेही सांगतील तेवढेच. गाठ परत येते ती बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, म्हणून हात ठणठणीत वाटला तरी त्या काळातली एकही भेट चुकवू देऊ नका. मुलं खेळायला लागली की आईबाप यायचे थांबतात, आणि आम्हाला गाठ मोठी झाल्यावर दिसते.

रानजाई

उशिरा वाचला हा धागा. माझ्या जावेच्या मांडीच्या हाडात फायब्रस डिस्प्लेशिया (हाडाच्या जागी तंतुमय, कमकुवत हाड तयार होतं तो आजार) सांगितलाय, वय २६. तिलाही हेच दाणे किंवा कमरेचं हाड चालेल का?

हाडांचा_डॉक्टर

रानजाई, तो आजार वेगळा. तिथे कमरेचं मऊ हाड भरलं तर शरीर ते खाऊन टाकतं आणि त्या जागी पुन्हा तसलंच रोगट हाड तयार करतं. त्यामुळे दात्याचं कडक हाड आणि आतून धातूचा आधार असा विचार जास्त होतो, आणि दुखत नसेल, वाकत नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. मांडीच्या हाडात नेमकं कुठे आहे आणि चालताना दुखतं का, एवढं लिहून वेगळा धागा काढा. तिकडे बोलू.